दुधाचा वास

बाळाच्या तोंडाला दुधाचा वास येत होता.

नूतन खाली वाकली होती ती त्याचा कान बघायला. उजवा कान जरा दुमडलेला राहतो असं तिला वाटत होतं, आणि इतक्या नळ्या-वायरींच्या गर्दीत आपण कानाची चिंता करतो याचं तिचं तिलाच हसूही येत होतं. ती वाकली आणि वास आला. कोमट, गोडसर, किंचित आंबूस. ती तशीच वाकून राहिली. तान्ह्या बाळाच्या तोंडाला दुधाचा वास आला म्हणून कुणी दचकत नाही. पण या बाळाला जन्मल्यापासून तोंडानं काहीच दिलेलं नव्हतं. त्याच्या आतड्याचा एक तुकडा जन्मतःच बंद होता. तो कापून दोन्ही टोकं जोडली होती, आणि जोड धरेपर्यंत तोंडावाटे पाण्याचा थेंबसुद्धा नाही, असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी तिला, तिच्या नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून बजावलं होतं. त्याचं सगळं जेवण दंडातून आत घातलेल्या बारीक नळीतून थेट रक्तात जात होतं. नाकातली दुसरी नळी पोटातलं हिरवं पाणी बाहेर काढत होती. भुकेलं लेकरू झोपेत ओठ चोखायचं, तेव्हा नूतनच्या ब्लाउजला ओल यायची आणि ती तोंड फिरवून भिंतीकडे बघायची. मग आज या ओठांवर दूध आलं कुठून?

तिनं कुणाला विचारलं नाही. विचारायचं नसतंच. नूतन वनरक्षक होती, मूल गावाच्या रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर तिची नेमणूक होती, आणि नाक्यावर पहिली गोष्ट शिकायची ती ही की संशय आला तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. दिसला की समोरचा सावध होतो. तणसाची, भाताच्या पेंढ्याची गाडी येते, ड्रायव्हर आपणहून खाली उतरतो, पाणी प्यायला मागतो, मॅडम म्हणतो, पोरंबाळं विचारतो. आणि तणसाखाली सागाचे नग, चोरून तोडलेले ओंडके. कोंड्याच्या पोत्यांमागे नग. एकदा तर नवरदेवाच्या गाडीत, वऱ्हाडी बायकांच्या पायाखाली. ज्या गाडीत काही नसतं तिचा ड्रायव्हर चिडचिड करतो, उशीर झाला म्हणून शिव्या घालतो, हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं. गोड बोलणारा माणूस दिसला की तिचा हात माल टोचून बघायच्या लोखंडी सळईकडे जायचा. घरी येताना ही सळई नाक्यावरच ठेवून यायची असते, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा ती सरळ उभी राहिली, बाळाच्या पायावरचं फडकं नीट केलं आणि शांतपणे खोलीभर नजर फिरवली. टेबलापाशी स्वाती सिस्टर औषध मोजून भरत होती. स्वाती सिरोंच्याची, बारीक अंगाची, मराठी बोलताना शब्दांची शेपटं तेलुगूसारखी लांबवणारी. सगळ्यांशी गोड, फार गोड. कोपऱ्यात खुशबू फरशी पुसत होती. ती खोली झाडणारी बाई, तिला बाळांजवळ जायची परवानगी नव्हती, पण फडकं फिरवत फिरवत ती कुठपर्यंत जाते हे कोण बघतं? आणि शेजारच्या काचेच्या पेटीजवळ आयशा. गोल बाजाराकडच्या बांगडीवाल्यांची सून. तिचं बाळ दिवस भरायच्या आधी आलेलं, मुठीएवढं, पण धडधाकट. त्याला नळीतून दूध चालू होतं. आयशाला दूध इतकं येई की दूध काढायच्या खोलीत तिची वाटी भरून वाहायची आणि बाकीच्या बाया आपापल्या रिकाम्या वाटीकडे बघत बसायच्या. आयशानं नूतनकडे बघून हात हलवला. नूतननंही हलवला. हसलीसुद्धा.

दुपारी दूध काढायच्या खोलीत दोघी शेजारी बसल्या होत्या. नूतनला आपलं दूध काढून द्यावं लागायचं. पुढे लागेल, आटू देऊ नका, असं सगळे म्हणायचे, आणि ती भक्तिभावानं नव्हे, रागारागानं काढायची. आयशा म्हणाली, "दीदी, तुमचा मुन्ना काल ओठ चाटत होता. इतकं बुरं वाटलं ना मले. कसं राहत असेल उपाशी?"

"तुमी कधी पाह्यलं?" नूतननं वाटीवरची नजर न काढता विचारलं.

"तुमी झोपल्या होत्या ना बाहेर. अम्मी होत्या आत."

अम्मी म्हणजे नूतनची सासू, रुखमा. आयशानं तिला पहिल्याच दिवशी अम्मी करून टाकलं होतं, आणि रुखमालाही ते चाललं होतं. नूतनला मात्र ते वाक्य पुरलं. तुम्ही झोपला होता. अम्मी होत्या आत. आयशा भाबडेपणानं बोलली की मुद्दाम बोट दाखवून गेली? आपल्यावरचं दुसऱ्यावर ढकलायचं असेल तर माणूस असंच, जाता जाता, ओठ चाटण्यासारखी गोष्ट सांगतो. की खरंच? नूतनला आठवलं, काल तिनं बाळाचं अंग पुसायला आत जावं म्हटलं तर रुखमानं तिला दारातच अडवलं होतं, "झोप तू, मी हाये ना," म्हणून. एवढी माया एकाएकी? वाटीत दूध पडत होतं, थेंब थेंब, आणि तिचं मन वासामागे निघालं होतं. वास कुणाच्या हाताचा, कुणाच्या पदराचा, कुणाच्या वाटीचा.

रुखमावर संशय यायला कारण होतं, आणि ते कारण जुनं होतं. नूतनच्या मूलमधल्या सासरच्या घरात देव नव्हते. तिचे सासरे वामनराव, त्यांच्या वडिलांनी चांद्याच्या धम्मदीक्षेहून आल्यावर घरातले टाक, शेंदूर लावलेले दगड, सगळं फडक्यात बांधून उमा नदीत सोडलं होतं. वामनरावांनी तो वसा घेतला आणि त्याला धार लावली. राईस मिलमधल्या इंजिनावर आयुष्य काढलेला माणूस. कार्यकारण याशिवाय दुसरी भाषा त्याला येत नव्हती. घरात नवस नाही, गंडा नाही, सटवाईची पूजा नाही, लेकराला काजळाची तीट नाही. दृष्ट हा शब्द उच्चारला तरी ते पेपर खाली ठेवायचे आणि विचारायचे, "म्हंजे काय? समजावून सांग मले." समजावून कोण सांगणार? रुखमानं वाद घातला नाही. तिनं फक्त सगळं पदराआड नेलं. नूतनच्या नवऱ्याला, अश्वजितला, लहानपणी घुट्टी दिली ती चुलीमागे, वामनराव पाळीवर गेल्यावर. त्याच्या कमरेला बिब्बा बांधला तो चड्डीच्या आत. नूतनला दिवस गेले तेव्हा तिच्या उशीखाली एकदा सुकलेला बिब्बा सापडला होता, काळ्या दोऱ्यात ओवलेला. नूतननं तो खिडकीतून टाकला आणि कुणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उशीखाली दुसरा होता. असा त्या दोघींचा मुका खेळ महिनाभर चालला होता, आणि जंगलात बिब्बे काही कमी नव्हते.

तेव्हा नूतनला गंमत वाटली होती. आता तीच गोष्ट आठवून तिला गंमत वाटेना. जी बाई नवऱ्याच्या नाकावर टिच्चून चुलीमागे घुट्टी देते, तिला पाण्याचा थेंबसुद्धा नाही म्हणून सांगितलं तर ती ऐकेल? डॉक्टर तिच्या लेखी आणखी एक वामनरावच. समोर मान हलवायची आणि मागे करायचं ते करायचं. नूतन वाटी घेऊन उठली. तिनं ती स्वातीच्या हातात दिली आणि स्वाती म्हणाली, "छान, छान आहे," आणि जरा जास्तच हसली, असं नूतनला वाटलं.

संध्याकाळी बाळाचं पोट फुगलं. आधी नूतनलाच दिसलं, की तिला तसं वाटलं. पोटावरची कातडी ताणून चकचकीत झाली होती, पायांवर निळसर जाळी उमटली होती, आणि तळवे गार. मशीन वाजायला लागलं. तो श्वास घ्यायचा विसरून जाई आणि स्वाती त्याच्या तळव्याला टिचकी मारून आठवण करून देई. मोठ्या डॉक्टर, फरहत मॅडम, हैदराबादला परिषदेला गेल्या होत्या. ड्युटीवरचा तरुण डॉक्टर धावत आला. त्यानं बाहेर येऊन नूतन आणि अश्वजितला सांगितलं, रक्तात जंतू शिरलेत असं दिसतंय. रक्त तपासायला पाठवतो, निकाल यायला वेळ लागेल, पण औषध आत्ताच चालू करतो. अशा बाळांना हा धोका असतोच.

"कुठून शिरले?" नूतननं विचारलं.

"सांगता येत नाही. नळी असते, हात असतात, पोटाचं ऑपरेशन झालेलं असतं. काहीही असू शकतं."

"वाचन ना लेकरू?" अश्वजित म्हणाला. तो कोळशाच्या खाणीतून थेट आला होता, पापण्यांत काळं होतं.

"बघू. हे दोन-तीन दिवस कठीण आहेत," तो पोरगा म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली भीती लपली नाही.

काहीही असू शकतं. हे वाक्य नूतनला सोसेना. बाळ मरेल ही गोष्ट इतकी मोठी होती की तिच्याकडे सरळ बघता येत नव्हतं. पण काहीही, कुणीही, कसंही, यावर तिला चीड आली. असं नसतं. नग आपोआप गाडीत चढत नाही. कुणीतरी कुऱ्हाड मारलेली असते, कुणीतरी उचलून ठेवलेला असतो, कुणीतरी तणस पसरलेलं असतं. बाळाच्या रक्तात आपोआप काही जात नाही. ती खोलीच्या काचेतून आत बघत उभी राहिली आणि तिला सगळ्यांचे हात दिसायला लागले. स्वातीचे हात, नळीचं टोपण उघडणारे, कापूस फिरवणारे. त्या तरुण डॉक्टरचे हात, मोबाईल खिशात ठेवून तसेच आत गेलेले, की धुतले होते त्यानं? खुशबूचे हात, फिनाईलनं पांढरे पडलेले. आयशाचे, बांगड्या काढून ठेवलेले, दुधानं चिकट. आणि रुखमाचे. रुखमाच्या बोटांच्या चिरा नूतनला पाठ होत्या. भाताच्या रोवणीच्या चिखलानं पडलेल्या, कितीही घासलं तरी काळ्या राहणाऱ्या.

रात्र कशी गेली ते तिला पुढे आठवलं नाही. सकाळी रुखमा जिन्याजवळच्या सतरंजीवर बसली होती. मांडीवर डबा, डब्यात भाकर, ती कुणी खाल्ली नव्हती. नूतन तिच्यासमोर उभी राहिली. बसली नाही.

"आई, बाळाच्या तोंडाले काई लावलं का तुमी?"

रुखमानं वर पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. नूतनला जे हवं होतं ते त्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं: या बाईला काहीतरी ठाऊक आहे. ड्रायव्हरचा असाच चेहरा होतो, सळई नेमकी जागेवर टोचली की.

"काऊन विचारतेस?" रुखमा म्हणाली.

"त्याच्या तोंडाले दुधाचा वास येत होता. अन् आता त्याच्या रक्तात जंतू हायेत. डॉक्टर इचारन. तेच्याआधी मले सांगा."

तेवढ्यात खोलीचं दार उघडून स्वाती बाहेर आली. अंगावर साधे कपडे, खांद्याला बॅग. रात्रभर बाळाजवळ उभी राहून तिचे डोळे लाल झाले होते. तिच्या भावाचं लग्न होतं सिरोंच्याला, सुट्टी आधीच मंजूर होती. "येते आजी," ती रुखमाला म्हणाली, "लग्न झालं की लगेच येते. काळजी नका करू, लढतोय तो." रुखमानं तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग ती जिन्यातून उतरणाऱ्या स्वातीकडे बघत राहिली. पार खालच्या वळणावर तिची बॅग दिसेनाशी होईपर्यंत.

"मीच लावलं," रुखमा म्हणाली.

"काय?"

"दूध. तुयंच. वाटीत जरासं राह्यलं होतं."

"कशानं लावलं?"

"बोटानं. लेकराचे ओठ सुकले होते. मले पाहवत नोहतं."

सगळी उत्तरं सरळ आली, एकामागोमाग, न अडखळता. नाक्यावर असं झालं असतं तर नूतन थांबली असती. खरं उत्तर वाकडंतिकडं येतं, त्याला मधे फाटे फुटतात. घोकलेलं उत्तर सरळ येतं, हे तिनं नव्या गार्डांना कितीदा सांगितलं होतं. पण आज तिला थांबायचं नव्हतं. तिला कुणीतरी हवं होतं, आणि ते मिळालं होतं, शिवाय ते तिला आधीपासून जे वाटत होतं तेच निघालं. यासारखं समाधान नाही. तिला बाळाच्या काळजीतही, त्या क्षणी, आपण बरोबर निघालो याचं बरं वाटलं.

मग ती ओरडली. काय ओरडली ते बाया ऐकत उभ्या राहिल्या. तुमच्या घुट्ट्या, तुमचे बिब्बे, तुमचे हात. माह्या लेकराले मारून टाकलं तुमी. रुखमा मान खाली घालून बसली होती, डबा मांडीवर घट्ट धरून. तिनं एक शब्द उलट काढला नाही, फक्त एकदा विचारलं, "मंग आता डॉक्टर अजून कोनाले तं नाई बोलनार?" नूतनला तेव्हा त्याचा अर्थ इतकाच लागला की म्हातारीला स्वतःच्या अब्रूची पडली आहे.

तरुण डॉक्टरनं ऐकलं आणि त्याचा पारा चढला. आजींना आत बंदी. आणि यापुढे या बाळाच्या तोंडाजवळ कुणी कापूससुद्धा नेणार नाही, त्यानं नव्या सिस्टरला बजावलं. अश्वजितनं आईला मूलच्या बसमध्ये बसवून दिलं. परत आला तेव्हा तो नूतनशी बोलला नाही, पण तिच्या विरुद्धही काही बोलला नाही. तो कधीच कुणाच्या विरुद्ध बोलायचा नाही, खाणीच्या आवाजात वर्षानुवर्षं राहून त्याला गप्प राहायची सवय झाली होती. वामनरावांचा फोन आला. "माह्या घरात," ते म्हणत होते, "माह्या बापानं देव नदीत टाकले त्या घरात! चाळीस वर्सं माह्या डोळ्यात धूळ फेकली या बाईनं. मी तिच्याशी बोलत नाई आता." नूतन हं हं म्हणत होती. तिला वाटलं होतं, गुन्हेगार सापडला की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. रुखमा गेल्यावर सतरंजी रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या सतरंजीकडे बघताना तिचा संशय पुन्हा हिंडायला बाहेर पडला. नव्या सिस्टरनं हातमोजे घातले, पण मग तिनं त्याच मोज्यानं चष्मा सावरला का? आयशा आज नजर का चुकवते? त्या दिवशी ओरडणं ऐकल्यापासून आयशा तिच्या शेजारी बसत नव्हती. वाटी घेऊन पलीकडच्या बाकावर जायची. एकदा नूतनच म्हणाली, "इकडे या ना." आयशा म्हणाली, "नको दीदी, मले डर लागते. उद्या माह्या बच्च्याले काई झालं, नाई तं तुमच्याले काई झालं, तं..." पुढचं तिनं गिळलं.

नूतनचं दूध कमी व्हायला लागलं. वाटीचा तळ झाकेना. घरून डबा यायचा बंद झाला होता, ती उपाहारगृहात पोहे खायची, न चावता. ती काचेशी उभी राहून मोजायची नाही, बघायची फक्त: श्वास आला, गेला. आला. दंडातली जुनी नळी काढून दुसऱ्या हातात नवी घातली होती. बाळाच्या अंगाला आता औषधाचा, पट्टीचा, प्लास्टिकचा वास येत होता. दुधाचा मात्र येत नव्हता. ती वाकून वाकून वास घ्यायची, आणि नाही म्हटल्यावर हायसं वाटायचं, आणि का कोण जाणे, त्याच क्षणी रडूही यायचं. नाक्यावर एकदा तिनं एका म्हाताऱ्या माडिया आदिवासी बाईची टोपली उपसली होती, मोहफुलांची. खालपर्यंत हात घातला तरी मोहफुलंच निघाली.  खाली सांडलेली फुलं बाईनं एकेक करून वेचली आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. इतक्या वर्षांत नूतनला तिची आठवण झाली नव्हती. आता ती बाई का आठवावी हे तिला समजेना, आणि खुशबूनं फडक्यानं कचरा सारावा तशी तिनं ती आठवण बाजूला सारली.

बाळ मात्र चिवट निघालं. आधी पायांवरची जाळी गेली. मग पोट मऊ झालं. मग एका सकाळी तो रडला, चांगला खणखणीत, आणि आत सगळ्यांचे चेहरे खुलले. फरहत मॅडम परत आल्या होत्या. त्यांनी नूतनला आपल्या खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. बसायला सांगितलं म्हणून नूतन घाबरली.

"नाही, नाही, चांगली बातमी आहे. रक्त साफ आलंय," मॅडम म्हणाल्या. "आणि जंतू कोणते ते समजलं. हे आतड्यात राहणारे आहेत. नळीतून गेलेच नसतील असं मी छातीठोक नाही सांगणार. पण ज्यांचं आतडं जन्मतः बिघडलेलं असतं, त्या बाळांमध्ये असं पुष्कळदा होतं. आतडं सुजलेलं, उपाशी. त्याची भिंत कच्ची राहते. आतले जंतू तिथून झिरपतात आणि रक्तात उतरतात."

"म्हणजे बाहेरून कुणी..."

"बहुतेक कुणीच नाही. त्याच्याच पोटातून."

नूतनला हे कळायला वेळ लागला. इतके दिवस ती दारावर पहारा देत होती आणि दारातून कुणी आलंच नव्हतं. "पण मॅडम," ती म्हणाली, "माझ्या सासूनं त्याच्या तोंडाला दूध लावलं होतं. माझं. तिनं कबूल केलंय."

मॅडमनी चष्मा काढला. "सासूनं? दूध तर मी लावायला सांगितलं होतं. तुमच्याच दुधाचे दोन थेंब, गालाच्या आत, कापसानं. गिळायला नाही. तोंडाला ओळख राहते, त्यातलं संरक्षण मिळतं. जोड चांगली दिसली म्हणून हैदराबादला निघताना घाईत मी फक्त स्वातीला सांगून गेले. तुम्ही झोपला होता. आजी होत्या, त्यांच्यासमोर केलं, असं ती मला फोनवर म्हणाली." मग त्यांचा आवाज बदलला. "आता बंद दिसतंय ते. बंद कुणी केलं?"

"मी," नूतन म्हणाली.

"चालू असतं तर हे झालं नसतं, असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण चालू असायला हवं होतं. आजपासून परत सुरू करा."

स्वाती त्याच दिवशी लग्नाहून परतली, हातावर मेंदी, डोळ्यांखाली जागरण. तिनं ऐकलं आणि खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "आजीनं असं कसं सांगितलं? मी त्यांना सांगितलं होतं, दोन थेंब लावते, बाळाला चांगलं असतं. इथे मोठ्यानं बोलत नाही ना आपण, हळूच सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'मी मरेपर्यंत कोनाले नाई सांगत, बेटा.' मला वाटलं, आशीर्वाद देतात."

नूतन भिंतीला टेकून उभी राहिली. एकदम सगळं सरळ झालं, आणि सरळ होताना तिला ते सोसवेना. रुखमाला समोर बसवून सांगितलं होतं: पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि मग एक परकी पोरगी इकडेतिकडे बघत, हळू आवाजात, लेकराच्या तोंडाला दूध लावते. रुखमानं काय समजायचं? जन्मभर लेकराच्या तोंडी जे काही मायेनं पडलं ते चोरूनच पडलं होतं, चुलीमागे, पुरुष घराबाहेर गेल्यावर. तिला वाटलं, ही पोरगी आपल्यातलीच. हिनं डॉक्टरच्या पाठीमागे आपल्या नातवाची दया केली. आणि मग सून समोर येऊन उभी राहिली, वास येतो म्हणाली, डॉक्टर इचारन म्हणाली. रुखमानं पोरगी जिन्यातून खाली उतरेपर्यंत वाट पाहिली आणि तिच्या नोकरीवरचं संकट आपल्या अंगावर घेतलं. नातवाला मारल्याचा ठपका घेतला, नवऱ्याचा अबोला घेतला, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नूतनला लाज वाटली. अशी लाज की स्वातीच्या मेंदीच्या हातांकडेही बघवेना.

तिनं तिथूनच फोन लावला. बराच वेळ वाजला.

"आई, मी नूतन."

"बाळ?"

"बरं हाये. रक्त साफ आलं."

पलीकडून श्वास सुटल्याचा आवाज आला. मग भांडं खाली ठेवल्याचा. नूतन म्हणाली, "आई, दूध तुमी नोहतं लावलं."

"मीच लावलं."

"नाई आई. मले सगळं समजलं. सिस्टरनं लावलं."

"कोन सांगते? तिनं कायले लावावं? मी लावलं, वाटीतलं, बोटानं. सांगतलं ना तुले तेव्हा."

"मोठ्या मॅडमचाच हुकूम होता. त्यात काई वाईट नोहतं, उलट चांगलं होतं. तिले कोनी काई नाई करत. आई, माह्यं चुकलं. तुमी परत या."

 नूतनला वाटलं, आता ती रडेल. पण रुखमाचा आवाज आला तो सपाट, सावध. "पाय नूतन, तुले जे काढाचं हाये ते माह्याकडून काढ. फिरून फिरून कायले विचारून राह्यली? त्या पोरीले यात घेऊ नोको. मी लावलं."

"बाळाची शप्पत, आई, मी खरं..."

"लेकराची शप्पत घालत नसते," रुखमा म्हणाली.

 नूतननं फोन स्वातीच्या हातात दिला. स्वातीनं तो कानाला लावला, रडू आवरलं, आणि हसऱ्या आवाजात म्हणाली, "आजी, मी स्वाती बोलते. मला काही झालेलं नाही. मी इथेच आहे, ड्युटीवर."

फोनमधून रुखमाचा आवाज इतका मोठा आला की नूतनलाही स्पष्ट ऐकू गेला.

"कोन स्वाती? मी कोनत्या स्वातीले नाई ओळखत."

आणि फोन बंद झाला.